घरातल्या वस्तूंपासून मुलांबरोबर कीटक कसे बनवावेत : प्रथमच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुलांबरोबर घरी हस्तकला करायची ठरले की बहुतेक पालक आधी खरेदीला निघतात. पुण्यात ती सोयही मोठी आहे. अप्पा बळवंत चौकात हव्या त्या रंगाचे कार्डशीट मिळते आणि बोहरी आळीत मणी, लोकर, तारा यांची रांगच्या रांग दुकाने आहेत. कीटक बनवण्यासाठी मात्र यातले जवळजवळ काहीच लागत नाही. पिस्त्याची टरफले, अंड्यांचा ट्रे, जुन्या लग्नपत्रिका, टिकल्यांची उरलेली पाकिटे आणि चिकटवायला वाटीभर मैद्याची खळ एवढ्यावर चार वेगवेगळे कीटक तयार होतात.

आमच्या सोसायटीतील चार ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर मी हे उपक्रम सुट्टीच्या दिवसांत करत आले आहे. नव्याने करू पाहणाऱ्या पालकांची अडचण साहित्याशी संबंधित क्वचितच असते. पाय किती लावायचे, ते कुठे चिकटवायचे, पंख दोन की चार, अशा प्रश्नांपाशी मूल थांबते आणि मोठी माणसेही अडखळतात. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये कापणे-चिकटवणे याइतकेच महत्त्व मी पाहण्याला दिले आहे.

१. कात्री हातात घेण्याआधी खरा कीटक दाखवा

यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू असेल, तर पावसाळ्यात त्याच्या पानांवर फुलपाखराची अळी सापडण्याची शक्यता चांगली असते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते आणि मोठी होताना हिरवी होते. तिला हलकेच डिवचले, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. मुलांना तो चमत्कार वाटतो, परंतु अळीच्या दृष्टीने ते संकट असते, त्यामुळे ते एकदाच पाहावे. रुईच्या झाडावर, सोसायटीच्या कुंपणापाशी, वेताळ टेकडीच्या किंवा तळजाईच्या पायवाटेवर, पाषाण तलावाच्या काठी कीटक भरपूर दिसतात. घरातली मुंगीसुद्धा चालते. साखरेचा एक दाणा फरशीवर ठेवून भिंगातून ती पाहिली, तर शरीराचे तीन भाग लहान मुलालाही ओळखता येतात.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. केसाळ किंवा काटेरी सुरवंटाला मुलांना हात लावू देऊ नये. महाराष्ट्रात दिसणाऱ्या घोणस अळीच्या काट्यांमुळे तीव्र वेदना होतात. तसेच कोणत्याही कारणाने कीटक पकडून, डबीत कोंडून किंवा टाचणीने टोचून नमुना म्हणून वापरू नये. मेलेले फुलपाखरू वाटेत सापडले, तर ते पाहून तिथेच ठेवावे.

२. शरीराची रचना एकदा पक्की करा

कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात : डोके, छाती आणि पोट. डोक्यावर डोळे आणि दोन स्पर्शिका असतात. पाय सहा असतात आणि ते सर्व छातीला जोडलेले असतात. पंख असतील तर तेही छातीलाच. मुले पाय नेहमी पोटावर सारख्या अंतराने लावत जातात, आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ चित्रांतही तसेच काढलेले असते, म्हणून ही बाब सुरुवातीलाच सांगावी. पंख बहुधा चार असतात. माशी आणि डास यांना मात्र दोनच असतात.

कोळ्याला आठ पाय असतात, त्यामुळे तो कीटक नाही, हे बऱ्याच मुलांना शाळेतून कळलेले असते. मृगाच्या किड्याबाबत मात्र मोठ्यांचाही गोंधळ होतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मातीवर दिसणाऱ्या, लाल मखमली अंगाच्या या जिवाला नाव किड्याचे असले, तरी पूर्ण वाढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात आणि नाते कोळ्याशी असते. मुलाने तो करायचा हट्ट धरला, तर जरूर करू द्यावा : लाल लोकरीचा छोटा गोळा आणि त्याला आठ पाय. गोम आणि पैसा या पुष्कळ पायांच्या जिवांचीही गणना कीटकांत होत नाही.

३. साहित्य जमवा

खरेदी टाळून आठवडाभर आधीपासून एका खोक्यात पुढील वस्तू साठवत जावे :

– पिस्त्याची टरफले, शक्यतो सारख्या आकाराची
– कागदी लगद्याचा अंड्यांचा ट्रे
– जुन्या लग्नपत्रिका आणि साडीचे किंवा मिठाईचे खोके
– मिठाईच्या खोक्यात येणारा बटर पेपर
– काळ्या टिकल्या, लहान आणि मध्यम
– उदबत्ती जळून उरलेल्या काड्या, खराट्याच्या चार-दोन काड्या
– काळ्या लोकरीचा तुकडा किंवा जाड दोरा
– लाकडी कपड्यांचे चिमटे (प्लास्टिकच्या चिमट्यांवर रंग बसत नाही)
– पोस्टर कलर : काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा
– बोथट टोकाची कात्री, दोन ब्रश, फेविकॉल, जुने वर्तमानपत्र

लग्नपत्रिकेचा कागद जाड असूनही घडी छान घेतो, म्हणून पंखांसाठी मला तो कार्डशीटपेक्षा अधिक पसंत आहे. पत्रिकेवर देवाचे चित्र असेल, तर तेवढा भाग कापून बाजूला ठेवावा. घरातील ज्येष्ठांना ते बरे वाटते.

अंड्यांचा ट्रे कोरडा आणि डाग नसलेलाच घ्यावा. कच्च्या अंड्यातून रोगजंतू पसरू शकतात, त्यामुळे फुटलेल्या अंड्याचा ओघळ सुकलेला ट्रे स्वच्छ करण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावा आणि चांगला ट्रे हाताळल्यावरही मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत. खारवलेल्या पिस्त्याची टरफले कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावीत. मीठ राहिले तर ते हवेतला ओलावा धरते आणि रंग सुटतो. थर्माकोल वापरू नये. त्याचे बारीक कण घरभर होतात आणि ते नाहीसेही होत नाहीत. शिवाय राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आहेत.

झटपट चिकटणारे डिंक, गरम गोंदाची बंदूक आणि तैलरंग हे तिन्ही या कामातून पूर्णपणे वगळावेत. धाकटे भावंड तीन वर्षांखालचे असेल, तर टिकल्या, मणी आणि टरफले त्याच्या हाती लागणार नाहीत अशा उंच टेबलावर काम करावे.

४. खळ करून ठेवा

फेविकॉल आहेच, पण कागदाच्या कामाला खळ अधिक सोयीची असते : ती सावकाश सुकते, त्यामुळे चुकीच्या जागी लागलेला पाय मुलाला पुन्हा सरकवता येतो. तीन मोठे चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक व दाट झाले की उतरवावे. हे काम मोठ्यांनी करावे, कारण उकळत्या खळीचा थेंब त्वचेला चिकटून राहतो आणि खोल भाजतो. पूर्ण गार झाल्यावरच ती मुलांपुढे ठेवावी.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या कामाच्या खळीत तो कधीही घालू नये. साधी खळ दोन दिवसांत संपवावी आणि शिल्लक राहिलेली टाकून द्यावी.

५. पहिला कीटक : ट्रेचा सुरवंट

चार-पाच वर्षांच्या मुलापासून कोणालाही जमेल असा हा प्रकार असल्यामुळे सुरुवात इथून करावी. तीस अंड्यांच्या ट्रेमधून सहा वाट्यांची एक सरळ ओळ मोठ्यांनी कापून द्यावी आणि ती पालथी ठेवावी. पहिली वाटी म्हणजे डोके. त्यानंतरच्या तीन वाट्या म्हणजे छाती, आणि त्या प्रत्येकीला लोकरीच्या पायांची एक जोडी लावायची. सुरवंटाला खूप पाय असतात असे वाटते, तरी खरे पाय सहाच असतात आणि ते पुढच्या बाजूला असतात. मागे दिसतात ते मांसल आधार, जे फुलपाखरू होताना उरत नाहीत. शेवटच्या दोन वाट्यांना म्हणून कागदाचे जाड, आखूड तुकडे लावावेत. हा फरक हाताने करून पाहिल्यावर मुले तो विसरत नाहीत.

रंगवताना पाणी अगदी कमी घ्यावे. ट्रेचा लगदा पाणी शोषून मऊ पडतो आणि पहिल्याच ब्रशमध्ये वाटी बसते.

६. दुसरा कीटक : पिस्त्याच्या टरफलांचा ढालकिडा

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा भुंगा मुलांना चित्रांतून माहीत असतो. पिकावरची मावा ही कीड तो खातो, त्यामुळे शेतकऱ्याला त्याची मोठी मदत होते. त्याची लाल पाठ म्हणजे प्रत्यक्षात पुढच्या पंखांची जोडी असते. ती कडक होऊन झाकण बनलेली असते आणि उडण्याचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. पिस्त्याची दोन टरफले शेजारी शेजारी ठेवली की हीच रचना सहज उभी राहते.

आधी टरफलांचा रंग. नुसता पोस्टर कलर गुळगुळीत टरफलावर टिकत नाही, सुकला की पापुद्र्यांनी निघतो. दोन भाग रंगात एक भाग फेविकॉल मिसळून पातळ थर द्यावा, तो पूर्ण सुकल्यावर दुसरा द्यावा. दोन थरांमध्ये किमान तासभर जाऊ द्यावा, म्हणून हे काम सकाळी उरकून जोडणी संध्याकाळी करणे चांगले.

टरफले सुकेपर्यंत लग्नपत्रिकेच्या कागदाचा लंबगोल कापावा. शेजारी ठेवलेल्या दोन टरफलांपेक्षा तो पुढच्या बाजूने थोडा लांब असावा. या पुढे आलेल्या भागाला काळा रंग देऊन दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका काढावा आणि त्याच्या पुढे काळ्या कागदाचे छोटे डोके चिकटवावे. लोकरीचे सहा तुकडे खळीत बुडवून, ताणून, वर्तमानपत्रावर सुकवले की ताठ होतात. ते लंबगोलाच्या खालच्या बाजूस, पुढच्या अर्ध्या भागात, तीन-तीन असे लावावेत. यानंतर बटर पेपरचे दोन पंख टरफलांपेक्षा लांब कापून, मधोमध घडी घालून, पुढच्या टोकाशी चिकटवावेत आणि त्यांवर टरफले बसवावीत. टरफले फक्त पुढच्या टोकाला फेविकॉलने चिकटवायची. मागची बाजू थोडी फाकलेली राहिली की किडा उडण्याच्या तयारीत दिसतो आणि आतले पंखही नजरेस पडतात.

ठिपके टिकल्यांचे. आपल्याकडे दिसणाऱ्या ढालकिड्यांत सात ठिपक्यांचा प्रकार सर्वपरिचित आहे : दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीन आणि सातवा डोक्याजवळ, बरोबर मधल्या रेषेवर. सात हा आकडा दोन पंखांवर समान कसा वाटायचा, हे कोडे मुलांपुढे ठेवून त्यांना विचार करू द्यावा. एक टिकली अर्धी कापून दोन टरफलांच्या कडांना लावायची असते, हे बहुतेक गटांत कोणीतरी स्वतःहून शोधते. उत्तर आधीच सांगून त्यांचा हा आनंद हिरावून घेऊ नये.

७. तिसरा कीटक : राणी पाकोळी, खऱ्या मापाची

फुलपाखरू कोणत्याही रंगाचे करता येते, तरीही पहिले फुलपाखरू राणी पाकोळीच असावे असा माझा आग्रह आहे. २०१५ मध्ये तिला महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित करण्यात आले. ती भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक आहे. पंख पसरल्यावर तिची रुंदी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर भरते. म्हणजे साध्या कागदावर ती खऱ्या मापात करता येते, आणि एवढे मोठे फुलपाखरू आपल्या आसपास उडत असते, हे पट्टीने मोजल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते इंद्रधनुषी रंगांच्या काल्पनिक फुलपाखराने साधत नाही.

लग्नपत्रिकेचा मोठा कागद मधोमध दुमडावा. घडीच्या एका बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पंख पेन्सिलने काढून दोन्ही थर एकदम कापावेत. डावा-उजवा पंख वेगवेगळे काढून कापल्यास ते सहसा सारखे येत नाहीत आणि मूल खट्टू होते. घडीपासून पंखाच्या टोकापर्यंत सात सेंटीमीटर ठेवले, तर पूर्ण रुंदी चौदा भरते. या पाकोळीच्या मागच्या पंखाला शेपटी नसते. कडा नुसती नागमोडी असते.

कापलेला आकार उघडून संपूर्ण काळा रंगवावा आणि पूर्ण सुकू द्यावा. नंतर निळ्यात पांढरा मिसळून फिकट, किंचित राखाडी निळा करावा आणि केवळ एकाच बाजूच्या पंखांवर तो जाडसर लावावा : मागच्या पंखाचा बराचसा भाग, आणि पुढच्या पंखावर शिरांच्या दिशेने बाहेर जाणारे फराटे. रंग ओला असतानाच कागद घडीवर मिटून तळहाताने दाबावा आणि लगेच उघडावा. दुसऱ्या बाजूला तोच ठसा उमटतो. इथे रेंगाळू नये. रंग अर्धवट सुकला तर पंख एकमेकांना चिकटतात आणि उघडताना खालचा काळा थर निघतो. निळा सुकला की मागच्या पंखावर काळ्या टिकल्यांचे ठिपके लावावेत. हौस असल्यास खालच्या बाजूस, पंखांच्या मुळाशी, तांबडे ठिपके द्यावेत.

शरीरासाठी लाकडी चिमटा काळा रंगवून घ्यावा. त्याच्या फक्त वरच्या पट्टीवर दोन ठिकाणी दोरा गुंडाळला की डोके, छाती आणि पोट वेगळे दिसू लागतात. पंख मधल्या भागाच्या वरच्या बाजूला चिकटवावेत, लोकरीचे सहा पाय त्याच भागाच्या खालच्या बाजूला. स्पर्शिकांसाठी उदबत्तीच्या काड्यांचे दोन बारीक तुकडे घ्यावेत आणि टोकाला खळीत भिजवलेल्या कागदाची इवलीशी गोळी बसवावी, कारण फुलपाखराच्या स्पर्शिका टोकाशी जाड असतात. पतंगाच्या तशा नसतात, त्या पुष्कळदा पिसासारख्या असतात. तोंडासाठी कागदाची अरुंद पट्टी पेन्सिलीवर घट्ट गुंडाळून सोडावी. फुलातला मकरंद पिण्याची सोंड अशीच वेटोळे घालून ठेवलेली असते. चिमट्याची पकड शाबूत राहिल्याने ही पाकोळी पडद्याला, दोरीला किंवा कुंडीतल्या फांदीला लावता येते.

८. चौथा कीटक : चतुर

हा सात वर्षांवरील मुलांसाठी ठेवावा, कारण पंख नाजूक असतात. खराट्याच्या काडीचा सुमारे आठ सेंटीमीटर तुकडा म्हणजे लांब पोट. त्याच्या एका टोकाला कागदाच्या लगद्याची जाड छाती आणि पुढे दोन मोठे डोळे. बटर पेपरचे चार अरुंद पंख कापून त्यांवर बॉलपेनने शिरांची जाळी काढावी आणि ते छातीला आडवे, पसरलेले लावावेत. सहाही पाय डोक्याच्या अगदी मागे एकत्र व पुढे वळलेले असावेत. उडता उडता भक्ष्य पकडण्यासाठी चतुर त्यांचा उपयोग करतो. पंख पाठीवर मिटलेले लावले तर साधारणपणे टाचणी नावाचा चतुराच्या जवळचा कीटक होतो, जो अंगानेही बारीक असतो. काडीची टोके नेलकटरने कापून घासून घ्यावीत.

९. कामाची वेळ आणि मोठ्यांचा हात

पाच वर्षांच्या मुलाचे लक्ष अर्धा तास टिकते असे धरून आखणी करावी. एका दिवशी कापणे आणि रंगवणे, दुसऱ्या दिवशी जोडणे. एकाच बैठकीत सर्व उरकण्याच्या प्रयत्नात ओल्या रंगावर चिकटवण्याची वेळ येते आणि काम फसते. जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या दमट हवेत रंग व खळ सुकायला बराच अधिक वेळ लागतो. वस्तू पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवाव्यात आणि कागदी पंख सुकताना वळू नयेत म्हणून कडांवर हलके वजन ठेवावे.

मुलाने लावलेला पाय वाकडा असेल तर तो वाकडाच राहू द्यावा. संख्या आणि जागा बरोबर आहे का, एवढेच विचारावे आणि तेही प्रश्नाच्या रूपात : खऱ्या मुंगीचे पाय कुठून निघत होते? मोठ्यांनी मुलाच्या हातातून काम काढून घेऊन सफाईदार केलेली वस्तू दिसायला सुंदर असते, पण मूल तिच्याकडे परत वळून पाहत नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची पुण्यात मोठी परंपरा आहे. अरविंद गुप्ता यांनी आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी करत हेच काम केले, आणि त्या खेळण्यांचे बळ ती मुले स्वतः बनवतात यातच आहे.

१०. जपून ठेवणे

खळ लावलेल्या वस्तूंना मुंग्या, झुरळे आणि पावसाळ्यात बुरशी लागते. जी वस्तू वर्षभर ठेवायची आहे, तिची जोडणी फेविकॉलने करावी आणि ती मिठाईच्या कोरड्या खोक्यात, भिंतीपासून दूर ठेवावी. प्रत्येक कीटकाखाली मुलाच्या अक्षरात एक चिठ्ठी लावावी : कीटकाचे नाव, पायांची संख्या, पंखांची संख्या, तो कुठे व कोणत्या तारखेला पाहिला. पाय गळून पडले तर ताठ केलेल्या लोकरीचे जास्तीचे तुकडे त्याच खोक्यात एका पाकिटात ठेवलेले असावेत. टाकून देण्याची वेळ आली की टिकल्या, दोरा आणि चिमटा काढून घ्यावा; उरलेला कागद सुक्या कचऱ्यात द्यावा आणि टरफले कुंडीतल्या मातीवर पसरण्याऐवजी, त्यांवर रंग असल्यामुळे, सुक्या कचऱ्यातच टाकावीत.